भटक्या कोणत्या बाजूला निघाला

"शोभाताई, हा कुठं निघालाय?"

गिरिजानं दोन पत्ते काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. एक जुना, विलायती, कडा झिजलेला. दुसरा आमच्या प्रेसमध्ये छापलेला, कोरा करकरीत. दोन्हींवर चित्र एकच. खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, मागून एक कुत्रं पोटरीला झोंबतंय, आणि हा गडी आपला वर बघत चाललाय. जुन्या पत्त्यावर तो उजवीकडं चालला होता. आमच्या पत्त्यावर डावीकडं.

मी म्हटलं, "चाललाय ना? मग झालं."

"ताई, चेष्टा नका करू. परवा अप्पांसमोर बसायचंय."

मग मात्र मी दोन्ही पत्ते उचलून उजेडात नेले.

थोडं मागचं सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. केजच्या बसस्टँडमागं आमची प्रिंटिंग प्रेस. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची कॅलेंडरं, निवडणूक आली की पोस्टर. सासऱ्यांनी पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर ती सुरू केली. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो आणि शाईच्या वासानं त्याचं डोकं दुखतं. माझा औरंगाबादला कमर्शियल आर्टचा डिप्लोमा झालेला. त्यामुळं लग्नानंतर वर्षभरात प्रेस माझ्याकडं आली ती आलीच.

गिरिजा ही मन्मथअप्पांची धाकटी सून. अप्पांचं मेन रोडवर कापडाचं दुकान. तिचा नवरा आधी काही वर्षं मुंबईला नोकरीत होता. तिथं खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका गोवेकर म्हातारबाईंकडून ही टॅरो शिकली. टॅरो म्हणजे चित्रांचे पत्ते. समोरचा माणूस प्रश्न विचारतो, पत्ते काढतो, आणि ही चित्रं बघून बोलते. पूर्ण जोड अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा असतो, पण गिरिजा त्यातले मोठे बावीसच वापरायची. केजच्या बायकांना ते आवडलं होतं. केबल टीव्ही नुकताच आला होता, लोकांना नवं काहीही आवडत होतं.

तिला बसायला जागा हवी होती. दुकानाला लागून, रस्त्याच्या तोंडाशी एक छोटी खोली रिकामी होती, ती तिनं सासऱ्यांकडं मागितली. त्याच आठवड्यात एक एसटीडी-पीसीओवाला आपला पिवळा बोर्ड काखेत मारूनच अप्पांकडं आला. त्यालाही तीच खोली पाहिजे होती. अप्पांनी दोघांनाही महिनाअखेरच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबवलं. सुनेला म्हणाले, "आधी माझ्या एका सवालाचं उत्तर दे. पटलं तर खोली तुजी. पन ते फाटके विलायती पत्ते माझ्या गादीवर चालायचे न्हाईत. जुगाराचे दिसतेत. नवे मराठीत छापून आन."

म्हणून ही ऑर्डर आमच्याकडं आली होती, आणि एका जोडासाठी प्लेट परवडत नाही म्हणून शंभर जोड छापले होते. गिरिजानं नावं मराठीत केली होती. गाठोडंवाला तो 'भटक्या'. हातात कंदील घेतलेला म्हातारा तो 'कंदीलवाला बाबा'. बाकी रथ, न्याय, चंद्र, जग, असं. मी नावांची अक्षरं बसवली, पाठीचं डिझाइन केलं, प्रूफ तपासलं, सही केली. आणि बाजार दोन दिवसांवर असताना भटक्या उलटा निघाला होता.

"गफूरभाई," मी आत हाक मारली, "जरा इकडं या."

आता फिल्म म्हणजे काय ते सांगायला हवं. चित्राचा मोठ्या कॅमेऱ्यानं फोटो काढला की त्याची फिल्म मिळते. फिल्म आरपार असते, त्यामुळं ती सुलटी ठेवली काय नि पालथी ठेवली काय, चित्र दिसतंच. फक्त पालथी ठेवली की डावं उजवीकडं जातं. अशा बावीस फिल्म एका मोठ्या शीटवर ओळीनं चिकटवायच्या, शीटवरून प्लेट करायची, प्लेटवरून छापायचं, छापून झालं की पत्ते कापायचे. फिल्म चिकटवणाऱ्या माणसाच्या हातात सगळं असतं. आमच्याकडं तो माणूस म्हणजे गफूरभाई. वीस वर्षं लग्नपत्रिकांच्या कामात. गणपतीची सोंड, कलशाची जागा, लक्ष्मीची बैठक याबाबतीत तालुक्यातले भटजीसुद्धा त्यांना विचारून जात.

गफूरभाईंनी दोन्ही पत्ते हातभर लांब धरून पाहिले. "बराबर हाय की."

"मूळचा उजवीकडं चाललाय. तुमचा डावीकडं."

"डावीकडंच पायजे, वैनी. त्यो शीटच्या उजव्या अंगाला हाय. तिथून आनखी उजवीकडं चालला तर शीटच्या भाईर जाईल."

मी गिरिजाकडं पाहिलं. तिला काही कळलं नव्हतं. मला सगळं कळलं.

लग्नपत्रिकेच्या धंद्यात एक रीत आहे. कागदावरचं कुणीही बाहेर तोंड करून बसवायचं नाही. गणपती असो, मोर असो, सनईवाला असो, डाव्या बाजूचा उजवीकडं बघणार, उजव्या बाजूचा डावीकडं. सगळ्यांची तोंडं मधल्या मजकुराकडं. गफूरभाई ही रीत एका फटक्यात शिकले होते. पूर्वी पाटोद्याच्या एका घरची पत्रिका छापली, तिच्यात कोपऱ्यातल्या गणपतीचं तोंड कडेला होतं. नवरदेवाचा चुलता सगळा गठ्ठा घेऊन परत आला आणि प्रेसच्या दारात उभा राहून म्हणाला, देवच पाठ फिरवून बसलाय, मग पाव्हण्यांनी काय करायचं? तेव्हापासून गफूरभाईंच्या हाताखालून जाणारी चिमणीसुद्धा कागदाच्या आत बघायची.

"अहो, ही पत्रिका नाही," मी म्हटलं. "शीट कापल्यावर एकेक पत्ता सुटा होतो."

"कापल्यावर व्हतो. छापताना तर एका घरात हायत ना? एकमेकाकडं पाठ करून बसवू का?"

"पण माणसं कुठं चालली होती ते बघायचं ना!"

"बघितलं ना. म्हनून तर वळवली." मग त्यांनी भटक्याचा पत्ता पुन्हा हातात घेतला. "आन् दुसरं म्हंजे, आमी उर्दू वाचतो, उजवीकडनं डावीकडं. आमच्या हिशेबानं ह्यो पुढंच निघालाय. तुमचाच मागं चाललाय."

मी तो पत्ता त्यांच्या हातातून काढून घेतला.

गिरिजा मात्र काउंटरला धरून उभी होती. "किती पत्ते वळवले, चाचा?"

"ज्यांची तोंडं भाईर हुती तेवढेच. खामखा कुनाला हात लावला न्हाई."

आम्ही अख्खी शीट पसरली आणि शेजारी जुने पत्ते मांडले. बावीसातले नऊ फिरलेले निघाले. कंदीलवाला बाबा मूळचा डावीकडं बघतो, तो उजवीकडं बघत होता. रथाचं चित्र समोरून दिसतं. मध्ये राजा, दोन बाजूंना दोन घोडे, सगळं तराजूत तोलल्यासारखं. मी म्हटलं, हे तरी वाचलं. गिरिजानं बोट ठेवलं. दोन्ही घोड्यांची अंगं दोन दिशांना ओढतात, पण तोंडं दोघांचीही एकाच बाजूला आहेत. मूळ पत्त्यात डावीकडं, आमच्यात उजवीकडं. मी त्या चित्राकडं आठवडाभर बघत होते आणि मला घोड्यांची तोंडं दिसली नव्हती. गफूरभाईंना दिसली होती.

"आणि हे काय आहे?" गिरिजानं आणखी एक पत्ता उचलला.

त्या पत्त्याचं नाव 'टांगलेला'. मूळ चित्रात एक माणूस एका पायानं उलटा लटकलेला आहे, डोकं खाली. आमच्या पत्त्यात तोच माणूस एका पायावर मजेत उभा होता, दुसरा पाय दुमडलेला, केस ताठ उभे. नाचतोय असंच वाटत होतं. खाली ठळक अक्षरांत नाव: टांगलेला.

"गफूरभाई!"

"वैनी, लोकांच्या घरात जानार ही चीज. उलटा टांगलेला मानूस छापू का? सरळ केला. त्याला बी बरं वाटलं आसंल."

या पत्त्याबद्दल माझंच मला जास्त वाईट वाटलं. कारण प्रूफवर हा नाचणारा मी पाहिला होता. विलायतेत असंच टांगत असतील, असं म्हणून पुढं गेले होते. प्रूफ वाचताना मी अक्षरं वाचली. वेलांट्या, अनुस्वार, रंग कुठं सरकलाय का, सगळं पाहिलं. नावं मराठीत वेगळी चिकटवलेली असल्यामुळं ती सगळी सरळच होती. रंगाच्या फिल्मसुद्धा गफूरभाईंनी इतक्या काटेकोर उलटवल्या होत्या की लाल रंग केसभर बाहेर आला नव्हता. चूक इतकी नीट केली असली की ती चूक दिसत नाही.

'जग' नावाच्या पत्त्यावरच्या बाईच्या अंगावर मूळचं फक्त एक उपरणं आहे. ते गफूरभाईंनी ब्रशनं बरंच रुंद करून ठेवलं होतं. त्याबद्दल मात्र कुणी तक्रार केली नाही.

"असेच वापरले तर?" मी गिरिजाला विचारलं. "तुला तर माहीतच आहे कोण कुठं बघतो. मनात वळवून घे."

"ताई, तुम्ही उलटी पत्रिका वाचून लग्नाला जाल का?" ती पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलली. "मी नावं वाचत नाही. मी चित्र बघून बोलते. ते समोर डावीकडं चाललेलं दिसत असताना मी उजवीकडं चाललाय म्हणून कसं सांगू? आणि अप्पा गादीच्या पलीकडून बघत असणार. त्यांना काय दिसेल? की सून समोर आहे ते सोडून तिसरंच बोलतेय."

मला ते पटलं. माझा त्या पत्त्यांवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण समोर छापलंय तेच वाचायचं, हे मला समजतं.

नव्यानं छापायला जाड आर्ट कार्ड औरंगाबादहून यायचं, लॅमिनेशनही तिकडंच व्हायचं. एसटीच्या पार्सलनं जाऊन-येऊन चार दिवस. हे दहाच पत्ते बदलावेत, तर नव्या पत्त्यांची पाठ जुन्यांपेक्षा फिकट किंवा गडद येणार. पाठीवरून पत्ता ओळखू आला की खेळ संपला. म्हणूनच तर मी पाठीचं डिझाइन अर्धा वळसा दिला तरी तसंच दिसेल असं केलं होतं, म्हणजे पत्ता सुलटा आहे की उलटा तेही पाठीवरून कळू नये. बेलाची पानं, एक वर टोक केलेलं, एक खाली. बेल का, तर अप्पा शिवभक्त.

शेवटी मी म्हटलं, "शंभर जोड नंतर बघू. परवासाठी एकच जोड हवाय ना? तो हातानं करू."

गफूरभाईंनी फिल्म शीटवरून सोडवायच्या, सुलट्या करायच्या आणि प्रत्येकीचं ब्रोमाइड काढायचं. ब्रोमाइड म्हणजे फोटोच्या कागदावर काढलेला काळापांढरा ठसा. मी त्यात फोटो रंगवायच्या रंगांनी लाल, निळा, पिवळा भरायचा. मग पुठ्ठ्यावर चिकटवून पाठीला छपाईतल्या उरलेल्या शीटचं बेलपान लावायचं. बावीस पत्ते, दीड दिवस.

"टांगलेला उलटाच टांगा," मी बजावलं.

"तुमी म्हनाल तसं," गफूरभाई म्हणाले. "पाप तुमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाइट गेली. आम्ही खिडकीशी बसलो आणि फिल्म काचेला लावून जुन्या पत्त्यांशी ताडून पाहू लागलो. गिरिजा शेजारी बसून प्रत्येक पत्ता बरोबर आहे का सांगायची, आणि सांगता सांगता शिकवायची. मी न विचारताच.

"आधी कोण हलतंय ते बघायचं, ताई. भटक्या हलतो. बाबाही हलतो, पण सावकाश. न्यायाची बाई हलत नाही, ती समोर बघते. जी समोर बघते ती तुम्हालाच विचारते. जी बाजूला बघते ती तिकडचं दाखवते."

"आणि तिकडं काहीच नसलं तर?"

"म्हणजे कडेचा पत्ता बाहेर बघत असला तर? मग त्या बाजूला आणखी एक पत्ता काढायचा. त्याला काय दिसतंय ते तरी कळायला हवं. डावीकडं मागचं, उजवीकडं पुढचं."

"आमच्या हिशेबानं नव्हं," दुपारी लाइट आल्यावर ब्रोमाइड काढायला गेलेले गफूरभाई अंधाऱ्या खोलीतून म्हणाले.

"तुमच्यासाठी वेगळे बसवू, चाचा."

मी चंद्राचा पत्ता रंगवत होते. दोन बुरूज, दोन कुत्री, मध्ये चंद्र. "हा तर कसाही धरला तरी तोच," मी म्हटलं.

"दोन्ही बाजू सारख्या असल्या की चित्र थांबतं. जोर कुणाचाच जास्त नाही. कुणी हललं तर डौल मोडणार, म्हणून कुणी हलत नाही. आमच्या घरात दोघी जावांचं तसंच आहे." ती हसली. "पण अगदी सारखं कधीच नसतं. त्या कुत्र्यांचे रंग बघा. सारख्यात जे सारखं नसतं तिथंच बोलायचं असतं."

आता हे मला कुणी डिप्लोमाला शिकवलं नव्हतं असं नाही. चित्राचा तोल, नजरेची दिशा, सगळं शिकवलं होतं. पण मी वीस वर्षांत ते कशासाठी वापरलं? गणपती डावीकडं, कलश उजवीकडं. लग्नपत्रिकेत दोन्ही बाजू सारख्या करतात, कारण दोन्ही व्याह्यांपैकी कुणी नाराज होऊ नये. लोकांना बसलेलं, थांबलेलं, न भांडणारं चित्र लागतं. इथं ही पोरगी चित्र कुठं डगमगतंय तेवढंच शोधत होती.

"तुझ्या प्रश्नाला काय पत्ते येतात ते कधी बघितलंस का?" मी विचारलं. "खोली मिळेल की नाही ते?"

"नाही." तिनं पुढची फिल्म काचेला लावली. "खोली मिळाली तर माझं काहीतरी आहे असं होईल, ताई. नाहीतर मी धाकटी सून आहेच. मग पत्त्यांना विचारायची भीती वाटते."

मी तिच्याकडं न बघता रथातल्या राजाच्या झग्याला लाल लावत राहिले. ऐकायचं असेल तेव्हा हात चालू ठेवावा, माणूस जास्त बोलतो. तिनं मात्र पुढचा पत्ता माझ्याकडं सरकवला.

बाजाराच्या दिवशी सकाळी अकराला बावीस पत्ते माझ्या हातात होते. जरा जाड, कडा मीच कटरनं कापलेल्या, पण देखणे. मी ते द्यायला दुकानात गेले आणि निघणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "शोभाबाई, बसा की. छापनाऱ्यानं बी बगावं."

गफूरभाईंना कुणी बोलावलं नव्हतं. ते पायरीवर येऊन बसले होते.

अप्पा गादीवर, कपाळाला विभूती, हातात कापड मोजायचा गज. त्यांनी आधी पत्त्यांची पाठ पाहिली. बेलपान दिसलं तसा चेहरा जरा सैल झाला. "हे बरं केलं." गिरिजाचा नवरा कोपऱ्यात घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालत होता. पीसीओवाला बोर्डासकट समोरच्या चहाच्या हॉटेलात बसला होता, तिथून त्याला सगळं दिसत होतं.

"विचारा, अप्पा," गिरिजा म्हणाली.

अप्पांनी गज बाजूला ठेवला. "पुढली खोली फोनवाल्याला द्यावी का तुला?"

कोपऱ्यातली चादरीची घडी अर्धीच राहिली. मला वाटलं होतं म्हातारा अंबाजोगाईच्या शाखेबद्दल विचारेल, नाहीतर तयार कपड्यांबद्दल. त्या काळात प्रत्येक कापडवाला तेच विचारत होता. हा सरळ सुनेच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून मोकळा झाला. आता तिनं "मला द्या" म्हटलं तर स्वतःकडं ओढलं म्हणणार, आणि "त्याला द्या" म्हटलं तर खोली गेली.

गिरिजानं पत्ते पिसले. अप्पांनी तीन काढले. डावीकडून रथ, मग कंदीलवाला बाबा, मग भटक्या.

तिनं ते बघितले आणि मी तिला बघितलं. तिला लगेच कळलं होतं. मलाही कळलं, दीड दिवस शेजारी बसल्याचा परिणाम. भटक्या उजवीकडं, ओळीच्या बाहेर निघाला होता.

"एक आणखी काढा, अप्पा. हा बाहेर बघतोय."

अप्पांनी काढला. जग. मध्ये गोल माळेत ती उपरण्यातली बाई, चार कोपऱ्यांत चौघं.

गिरिजानं चारही पत्ते सरळ ओळीत लावले. मग बोटानं एकेक पत्ता दाखवत बोलली. आवाज सपाट.

"हा रथ म्हणजे आपलं दुकान. दोन्ही बाजू सारख्या, नीट चाललंय. पण घोडे मागं बघतात. हा बाबा म्हणजे मी. ह्याचा कंदील दुकानाकडं आहे, रस्त्याकडं पाठ. ह्याला रस्त्यावर बसायचं काम नाही, ह्यानं आत बसावं. आणि हा भटक्या थांबत नाही, ह्याला बाहेरचीच ओढ. त्याच्यासमोर चारी कोपऱ्यांची माणसं आहेत. रस्त्याची जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांची आहे, अप्पा. फोनवाल्याला द्या."

"ह्यात तुजं नुकसान हाय की," अप्पा म्हणाले.

"आहे."

"मग कावून सांगितलं?"

"तुम्ही विचारलं. पत्त्यात ते आहे. बघा की, कुठं चाललाय तो."

अप्पा पुढं वाकले आणि त्यांनी भटक्याला बराच वेळ पाहिलं. मग बाबाला. म्हातारा माणूस म्हाताऱ्याला बघतो तसं. "चाललाय खरं भाईर," ते म्हणाले. मग गज उचलून मांडीवर घेतला. "मी चाळीस वर्सं कापड मोजायलोय. कुनाचा हात कुठं आखडतो ते मला कळतंय. तुजा न्हाई आखडला." त्यांनी मुलाकडं मान वळवली. "गठ्ठ्यांची आतली खोली रिकामी करून दे हिला. दार बोळातनं हाय, बायांना ते बरं. आन् त्या फोनवाल्याला हाक मार, तिसरा चहा पितोय त्यो."

गिरिजानं पत्ते गोळा केले. रस्त्यावरची खोली गेली होती. माझ्याकडं बघून ती हसली, पण ते हसू काही पूर्ण नव्हतं.

प्रेसमध्ये परतले तर गफूरभाई माझ्या आधी पोचलेले. काउंटरवर त्यांनी आपल्या छपाईतला एक जोड उघडला होता आणि तेच तीन पत्ते त्याच क्रमानं मांडले होते. रथ, बाबा, भटक्या.

"या वैनी. बगा."

बाबा उजवीकडं बघत होता. भटक्या डावीकडं चालत होता. म्हणजे भटक्या सरळ बाबाच्या कंदिलाकडं निघाला होता, दोघं समोरासमोर. बाहेर कुणी बघत नव्हतं, त्यामुळं चौथा पत्ता काढायचा प्रश्नच नव्हता. रथाच्या दोन्ही घोड्यांची तोंडंही बाबाकडंच.

"येनारा-जानारा कंदिलाकडं यायलाय," गफूरभाई म्हणाले. "घोडे बी तिकडंच बगायलेत. सगळं घर एकमेकाकडं तोंड करून बसलंय. माझे पत्ते ठेवले असते, तर पोरीला पुढली खोली मिळाली असती का न्हाई?"

मिळाली असती. मी दोनदा मांडून पाहिलं. दीड दिवस खपून, रंगानं बोटं लाल करून, मी त्या मुलीची खोली नीट बरोबर करून घालवली होती.

हे मी गिरिजाला सांगितलं नाही. गफूरभाईंनी सांगितलं. ती म्हणाली, "मग माझा हात आखडत नाही हे अप्पांना दिसलं नसतं, चाचा," आणि विषय तिथं संपला.

पुढं झालं ते असं. पीसीओ सुरू झाला आणि पहिल्या महिन्यापासून तिथं रांग लागू लागली. पुण्याचा नंबर लागायला अर्धा-अर्धा तास. उभं राहून कंटाळलेल्या बायका बोळात शिरून गिरिजाकडं बसू लागल्या. फोन लागेल का, एवढंच विचारायलासुद्धा काही जणी गेल्या. फोनवाल्यानं आपणहून आपल्या पिवळ्या बोर्डाखाली बाण काढून दिला, आत जायचा रस्ता दाखवणारा. त्याला रंग मी दिला. बाण कुठल्या बाजूला हवा ते दोनदा विचारून घेतलं.

कार्ड आल्यावर शंभर जोडही नव्यानं छापले, सुलटे. गफूरभाईंनी एकही फिल्म वळवली नाही, पण शीटवर पत्त्यांची जागा बदलली. बाहेर बघणाऱ्यांच्या समोर आत बघणारे ठेवले. कापल्यावर काहीच फरक पडत नाही, मी म्हटलं. ते म्हणाले, छापताना पडतो.

मी त्या कामातून एकच गोष्ट उचलली. प्रूफ आलं की मी आता चष्मा काढून ठेवते. अक्षरं पुसट होतात, नावं वाचता येत नाहीत, आणि कोण कुठं निघालंय तेवढंच दिसतं. ते पटलं तरच चष्मा लावून वेलांट्या बघते.